रेफर आल्यास परत

माझ्या मेव्हणीवर कोणीतरी लिहायला हवं होतं. ज्यांना लिहिता येतं त्यांना वेळ नव्हता, म्हणून हे काम माझ्यावर आलं. मी आजवर लिहिले ते रजेचे अर्ज, आणि त्यातलेही काही नामंजूर झालेले आहेत. तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका.

मेव्हणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना ऐकू येतं की नाही हे ती तपासते, आणि गेली बरीच वर्षं ते कसं तपासायचं हे नर्स आणि डॉक्टर मंडळींना शिकवते. एवढंसं वाक्य, पण ते तिला आजवर कोणालाही धडपणे समजावता आलेलं नाही. बसस्टॉपवर कोणी विचारतं, "डॉक्टर का तुम्ही?" ती म्हणते, नाही. "मग नर्स?" नाही. "मग कानातला मळ काढता?" इथपर्यंत आलं की ती "हो" म्हणून टाकते, कारण तेवढ्यात बस येते.

या कामात ती आली तीही काही ध्येयाने झपाटून वगैरे नाही. जे शिकायचं होतं त्या कॉलेजच्या जागा भरल्या होत्या आणि या कॉलेजच्या रिकाम्या होत्या. आमच्या सासऱ्यांनी नातेवाइकांत सांगून टाकलं, "धाकटी कानाची डॉक्टर होणार." नातेवाइकांनी "डॉक्टर" तेवढं ऐकलं आणि "कानाची" सोडून दिलं. त्यामुळे आजही कोणाचा गुडघा दुखला की वरच्या मजल्याची बेल वाजते. ती म्हणते, डॉक्टरकडे जा. लोक जिना उतरताना म्हणतात, एवढी शिकली, पण उपयोग काय?

हॉस्पिटलात तिला खोली दिली आहे ती तळमजल्यावर, जनरेटरला लागून. बाळांचे कान शांततेत तपासायचे असतात. ही जागा ज्या साहेबांनी निवडली त्यांना पुढे बढती मिळाली आणि ते वरच्या मजल्यावर गेले, जिथे जनरेटर ऐकू येत नाही. प्रशिक्षणाचे प्रमुखही आता तेच आहेत, म्हणून त्यांना यापुढे नुसतं साहेब म्हणतो.

तपासणी तशी सोपी आहे. बाळ झोपलेलं असताना त्याच्या कानात रबराचं छोटं टोक बसवायचं. यंत्र कानात बारीक टिकटिक सोडतं. आतला कान धडधाकट असला तर तो त्या टिकटिकीला अगदी हलका प्रतिध्वनी देतो. यंत्राने तो पकडला तर पडद्यावर 'पास' येतं, नाही पकडला तर 'रेफर'. रेफर म्हणजे बहिरं नव्हे. जन्मतानाचा चिकटा कानात राहिला असेल, टोक नीट बसलं नसेल, बाळ चुळबुळलं असेल, बाहेर कोणी ट्रॉली आपटली असेल. म्हणून टोक नीट बसवून त्याच वेळी आणखी एकदा करायची मुभा असते. तरीही रेफर आलं तर बाळाला घरी पाठवायचं आणि थोड्या दिवसांनी बोलवायचं. तेव्हाही रेफर, तर मोठी तपासणी. तीन महिन्यांच्या आत काय ते कळलं पाहिजे आणि सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू झाला पाहिजे, कारण बाळ बोलायला वर्षाने लागलं तरी त्याची तयारी तेव्हापासूनच चालू असते.

हे मला तोंडपाठ आहे. प्रत्येक प्रशिक्षणाआधी आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याची रंगीत तालीम होते. बायको नर्स होते आणि मी डॉक्टर.

"ताई, समज मी आई आहे आणि माझ्या बाळाला रेफर आलंय. तू मला काय सांगशील?"

"सांगेन की, अगं, आमच्या वेळी नुसती टाळी वाजवून बघायचे. एवढं बारीक कोण करत बसतं?"

"तू नर्स आहेस. नर्स असं म्हणते का?"

"मला नर्सच असं म्हणाली होती."

मग ती माझ्याकडे वळते. "भावोजी, तुम्ही सांगा."

"मी डॉक्टर आहे," मी म्हणतो. "मी राउंड आटपून कधीच निघून गेलो."

हे उत्तर मात्र दर वेळी बरोबर धरलं जातं.

तिचं ठरलेलं उत्तर असं असतं: "घाबरू नका, बहुतेक काही नसेल, पण दिलेल्या दिवशी नक्की या." हे म्हणताना चेहरा कसा ठेवायचा, हात कुठे ठेवायचा, बाळाकडे बघायचं की आईकडे, हेसुद्धा ती शिकवते. आईला घाबरवलं की ती रडत बसते आणि घरातले बाकीचे लोक तोडगे सुचवायला लागतात, असं तिचं म्हणणं. त्या एका वाक्यावर तिने निम्मं आयुष्य काढलं आहे म्हणा ना.

एक प्रशिक्षण मी प्रत्यक्ष पाहिलं, कारण बाहुल्यांची पिशवी उचलायला माणूस हवा होता. सभागृह मोठं होतं, खुर्च्या मऊ होत्या, आणि एसी असा घोंघावत होता की ऐकण्याविषयी जे काही बोललं गेलं ते मागच्या रांगांना ऐकू आलं नाही. साहेबांनी प्रास्ताविक केलं. श्रवणाचं महत्त्व या विषयावर ते इतका वेळ बोलले की श्रवण करणारं कोणी उरलं नाही. जे थोडे डॉक्टर आले होते ते फोन आल्यासारखं करून बाहेर गेले आणि थेट प्रमाणपत्र घ्यायला उगवले. मधे चहा झाला. चहानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. "एकदा करा, फार तर दोनदा, त्याच्यापुढे यंत्राला हात लावू नका," हे वाक्य चहानंतरचं होतं.

चहाआधी होतं ते पोस्टर. साहेबांचं मत असं की लोक वाचत नाहीत, तेव्हा काय असेल ते मोठ्या अक्षरांत चार शब्दांत बसवा. मेव्हणीने ते तीन शब्दांत बसवलं: 'रेफर आल्यास परत'. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. निळ्या शाईत, ठळक, खाली एक रेघ. आदल्या दिवशी ते आम्हाला दाखवताना ती इतकी खूश होती की मी पहिल्यांदाच तिला स्वतःचं कौतुक करताना ऐकलं. "एक शब्द वाचवला, भावोजी." साहेबांनी त्याच्या प्रती काढून प्रत्येक प्रसूती विभागात लावल्या.

मग बाहुल्यांवर सराव. बाहुलीला बाहेरून कान असतो, आतून नसतो, त्यामुळे यंत्र लावलं की दर वेळी रेफरच येतं. एक ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची सिस्टर बाहुलीला मांडीवर घेऊन थोपटत होती.

"बाई, हिला काही पास होता येईना."

"अहो, ती रबराची आहे."

"माहितीये हो. तरी पण वाईट वाटतं."

सगळे हसले. मीही हसलो.

पुढे काही महिन्यांनी साहेबांनी मेव्हणीला वर बोलावलं आणि चक्क बसायला सांगितलं. ठेंगण्या सिस्टरच्या विभागातली सगळीच्या सगळी बाळं पास होती. शंभर टक्के. एकही रेफर नाही! असा निकाल कुठल्याच विभागाचा नव्हता. साहेबांनी लगेच सिस्टरचा आणि तिला शिकवणाऱ्या मेव्हणीचा सत्कार करायचा दिवस ठरवला. दुसऱ्या विभागांनाही या सिस्टरकडून काही शिकता यावं, अशी त्यांची इच्छा होती.

आता शंभर टक्के असं काही नसतं, हे मेव्हणीला माझ्याहून चांगलं कळतं. शंका आली नाही असं नाही. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "भावोजी, थोडे तरी रेफर यायला पाहिजेत हो." पण एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिला कोणी पहिल्यांदाच पुष्पगुच्छ देणार होतं. शंका काय, नंतरही घेता येते.

त्याच दिवसांत आमच्या लेकीला मुलगी झाली. त्याच हॉस्पिटलात, त्याच विभागात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे तिथे होतो. लेक पलंगावर, शेजारी स्टुलावर तिच्या सासूबाई म्हणजे आमच्या विहीणबाई, पायथ्याशी बायको, आणि मी दारात, जिथे मी सहसा असतो. मेव्हणी भाचीला बघायला आली आणि मागोमाग ठेंगणी सिस्टर यंत्र घेऊन आली.

"बाई, आज तुमच्यासमोर माझी परीक्षा."

तिने बाळाला छान कुशीवर घेतलं. टोक बसवलं. पडद्यावर रेफर आलं. तिने टोक काढून पुसलं, माप बदललं, पुन्हा बसवलं. रेफर. मेव्हणी मान डोलावत होती, सगळं अगदी शिकवल्याप्रमाणे चाललं होतं. आता सिस्टर यंत्र बंद करून ते ठरलेलं वाक्य बोलणार म्हणून ती जरा पुढेही सरकली. सिस्टरने बाळाला थोपटलं आणि टोक पुन्हा बसवलं. रेफर. पुन्हा. रेफर. दिवा कमी केला, खिडकी लावली, पुन्हा.

"सिस्टर," मेव्हणी म्हणाली, "काय करताय?"

"थांबा हं बाई, येईल."

"काय येईल?"

"पास. कधी लगेच येतं, कधी फार वेळ खातं. परवा एका बाळाने माझी अख्खी ड्युटी खाल्ली, पण शेवटी आलं बघा."

आणि खरंच आलं. एका कानाचं आलं, मग बरीच झटापट होऊन दुसऱ्याचंही आलं. विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. "आहेच आमची हुशार!" सिस्टरचा चेहरा असा फुलला होता की मला तिला बक्षीस द्यावंसं वाटलं.

"तुमच्याच घरातलं बाळ, बाई. असं कसं सोडणार मी?"

मेव्हणी पांढरी पडली होती. "हे असं करायचं, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

सिस्टरने हनुवटीने भिंतीकडे दाखवलं. तिथे मोत्यासारखं अक्षर होतं, निळ्या शाईत. "तुम्हीच की. रेफर आल्यास परत."

"परत म्हणजे?"

"परत म्हणजे परत. पुन्हा करायचं. नाही का?"

"परत बोलवायचं हो! घरी पाठवून परत बोलवायचं!"

"अय्या!" सिस्टर म्हणाली, आणि यंत्र तिने गरम असल्यासारखं टेबलावर ठेवलं.

मी पोस्टरकडे बघत होतो. तीन शब्द. वाचवलेला चौथा शब्द कुठला होता ते आता सगळ्यांना दिसत होतं.

मेव्हणीने आवाज खाली आणला. "हे बघा सिस्टर, रस्त्यात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला 'काय, ओळखलंत का' विचारत बसलं, तर एखादा कधीतरी 'हो' म्हणतोच. ती काही ओळख नव्हे."

"म्हणजे हे पास नाही?" विहीणबाईंनी विचारलं.

"धरता येणार नाही."

"पण यंत्रानेच सांगितलं ना?"

"यंत्राने कंटाळून सांगितलं."

तेवढ्यात तिचं लक्ष लेकीकडे गेलं. लेक उशीवरून उठून बसली होती आणि बाळाला तिने छातीशी घट्ट धरलं होतं. मेव्हणी पलंगाच्या कडेला बसली, भाचीच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "घाबरू नकोस, बहुतेक काही नसेल, पण मी सांगेन त्या दिवशी तिला नक्की घेऊन ये." चेहरा बरोबर, हात बरोबर, नजर आईकडे. शेकडो जणींना शिकवलेलं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या माणसाला म्हणायची वेळ आली, आणि ते बिनचूक आलं. लेक हसली. विहीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि बाहेर जाऊन फोनवर सगळ्यांना कळवलं, "मावशीनेच तपासलं. काही नाही म्हणाली." 'बहुतेक' हा शब्द दारातच राहिला.

सत्कार दोन दिवसांवर आला होता. मेव्हणी साहेबांकडे गेली. बाहेरच्या बाकावर मी बसलो होतो, दार उघडं होतं, आणि साहेबांचा आवाज श्रवणाला फार सोयीचा आहे.

"म्हणजे शंभर टक्के नाही?"

"नाही. त्या सगळ्या बाळांना पुन्हा बोलवावं लागेल."

"म्हणजे आकडा खाली येणार?"

"हो."

"किती खाली?"

"खरा असेल तितका."

साहेबांनी थोडा विचार केला. "असं करू. सत्कार होऊन जाऊ दे. पाहुण्यांना सांगून झालंय. आकडा आपण नंतर खाली आणू, हळूहळू."

मेव्हणी भिडस्त आहे. नाही म्हणायला तिला जमत नाही. ती व्यासपीठावर गेली, पुष्पगुच्छ घेतला, पाहुण्यांचे शंभर टक्क्यांवरचे चार गौरवाचे शब्द ऐकले. मग तिला दोन मिनिटं बोलायला सांगितलं. माइकसमोर ती कागद न बघता म्हणाली, "हा निकाल चुकीचा आहे. चूक सिस्टरांची नाही, माझ्या पोस्टरची आहे. कोणती बाळं ऐकतात हे आम्हाला आज माहीत नाही. सगळ्यांना पुन्हा तपासायचं आहे आणि ते उद्यापासून." एवढं बोलून ती थांबली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांची सवय असते, भाषण थांबलं की वाजवायच्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. साहेब तेवढे कानकोंडे होऊन पाण्याची बाटली उघडत बसले. ती काही उघडेना.

पोस्टरं तिने स्वतः फिरून काढली. नव्या पोस्टरवर पाच ओळी आहेत. ते कोणी वाचत नाही, असं साहेब म्हणतात, पण निदान चुकीचं तरी वाचत नाही.

सिस्टर रोज दुपारी जनरेटरशेजारच्या खोलीत बसून घराघरांत फोन करायची. लोक काय काय बोलायचे! पास होतं ना, मग आता नापास कसं? तुम्हीच ऐकता की नाही ते आधी तपासा! एकदा मी डबा द्यायला गेलो तेव्हा ती डोळे पुसत होती.

"आम्ही मायेपोटीच केलं हो, बाई."

"माहितीये," मेव्हणी तिला पाणी देत म्हणाली. "कामचुकारपणा असता तर केव्हाच पकडला असता मी."

हळूहळू बाळं आली. चिडून आली, उशिरा आली, पण आली. आली नाही ती फक्त आमची नात.

दिलेल्या दिवशी मेव्हणीने खोली तयार ठेवली आणि वाट बघितली. संध्याकाळी बायकोने लेकीला फोन केला. लेक म्हणाली, अगं बाळाला सर्दी आहे. पुढच्या खेपेला पाहुणे होते. त्याच्या पुढच्या खेपेला लेक जरा दबक्या आवाजात म्हणाली, "आई, सासूबाई म्हणतात, मावशी काही नाही म्हणाली होती, मग उगाच कशाला? आणि ताट वाजवलं की दचकते ती. आम्ही रोज वाजवून बघतो."

दिवस जात होते. प्रशिक्षणात मेव्हणी छातीठोकपणे सांगते, जी आई आली नाही तिच्या दारात जा, एकदा नाही, पुन्हा पुन्हा जा. स्वतःच्या भाचीचं दार म्हटल्यावर मात्र तिला शंभर अडचणी दिसायला लागल्या. सासरचं घर. आपण मावशी. नाक खुपसल्यासारखं दिसेल. विहीणबाई काय म्हणतील?

"ताई, तूच जा ना. तू आई आहेस तिची."

"मी आई आहे म्हणूनच नको. मी गेले तर भांडण होईल," बायको म्हणाली. "मला यायचंच आहे, पण बोलणार तू."

शेवटी आम्ही तिघंही गेलो. मी कशाला गेलो ते मला अजून नीट कळलेलं नाही.

विहीणबाईंनी चहा केला, बिस्किटं ठेवली, आणि आम्ही का आलोय हे ओळखून कोणी विषय काढायच्या आत स्वयंपाकघरातून एक ताट आणि डाव घेऊन आल्या. बाळ जाजमावर पडलं होतं. विहीणबाईंनी त्याच्या डोक्यामागे उभं राहून ताटावर असा दणका दिला की माझ्या बशीत चहा सांडला. बाळ दचकलं.

"बघितलंत?"

"बघितलं," मेव्हणी म्हणाली. "भावोजीही पास."

विहीणबाईंना ते आवडलं नाही. ताट त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं आणि समोर बसल्या. "स्पष्ट बोलू का बाई? तुम्हीच म्हणालात, काही नसेल. तुमच्या शब्दावर आम्ही निर्धास्त राहिलो. आता दर आठ दिवसांनी फोन. मग तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

मेव्हणीकडे शिकवलेल्या वाक्यांचा मोठा साठा आहे. मी वाट बघत होतो, आता ती कुठलं काढते. तिने एकही काढलं नाही. चहाचा कप खाली ठेवला.

"तेव्हा मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"आता माहीत आहे?"

"आत्ताही नाही."

"एवढी वर्षं लोकांना शिकवता आणि माहीत नाही?"

"नाही. नुसतं बघून नाही कळत. तुम्हाला नाही, मला नाही. तिला घाबरवायचं नव्हतं म्हणून मी काही नसेल म्हणाले. तसं म्हणायला नको होतं. माहीत नाही, म्हणून घेऊन ये, एवढंच म्हणायला हवं होतं."

लेक इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली, बाळाला जाजमावरून उचललं आणि म्हणाली, "मावशी, मी हाक मारते तेव्हा ती बघत नाही. समोर गेले की हसते. मागून बोलले की काहीच नाही. मला वाटलं, लहान आहे म्हणून."

विहीणबाई तिच्याकडे वळल्या. "हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही ताट वाजवत होतात ना."

विहीणबाईंनी डाव उचलला, ताट उचललं आणि दोन्ही आत नेऊन ठेवली. बाहेर आल्या तेव्हा पदार्थ करपल्यासारखा चेहरा होता. "उद्या किती वाजता यायचं?" त्यांनी विचारलं.

मधली पायरी सोडून आता थेट मोठी तपासणी करायची ठरली, आणि तिला बाळ गाढ झोपलेलं असावं लागतं. म्हणून मेव्हणीने बजावलं होतं, सकाळपासून झोपू देऊ नका, वाटेत तर मुळीच नाही, इथे आल्यावर दूध पाजून झोपवा. दुसऱ्या दिवशी गाडीत बाळ पेंगायला लागलं आणि आमची धावपळ उडाली. बायकोने गाणं म्हटलं. जावयाने हॉर्न वाजवला. विहीणबाईंनी तिच्या कानाशी जाऊन "उठ गं, उठ गं" सुरू केलं. मीसुद्धा, ज्याने घरात कधी आवाज चढवला नाही, दोनदा "ए!" केलं. बाळ शांत झोपलं होतं. एवढ्या गलक्यात त्याची पापणी हलत नव्हती. आधी बायकोचं गाणं थांबलं. मग जावयाने हॉर्नवरचा हात काढला. विहीणबाई आणखी एकदा "उठ गं" म्हणाल्या, अर्धवटच. मग लेकीने वाकून बाळाच्या तळपायाला गुदगुली केली आणि ते लगेच जागं झालं. उरलेल्या वाटेत आम्ही आळीपाळीने तळपाय धरून बसलो.

खोलीत मेव्हणीने बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे चिकटपट्ट्या लावून तारा जोडल्या. लेकीच्या मांडीवर ते झोपी गेलं. पडद्यावर रेघा वरखाली होत होत्या. आम्ही रेघांकडे न बघता मेव्हणीकडे बघत होतो, आणि तिचा चेहरा कालचं वर्तमानपत्र वाचत असल्यासारखा होता. दोन्ही कान झाले. तिने तारा काढल्या, चिकटपट्टीचा डाग ओल्या कापसाने पुसला, आणि मग सरळ लेकीकडे बघून सांगितलं.

"दोन्ही कानांना कमी ऐकू येतं. अजिबात नाही असं नाही. ताट ऐकू येतं. हाक नाही."

या वेळी कसला चेहरा ठेवायचा ते तिने ठरवलेलं नव्हतं. हातही कुठेतरी भलतीकडेच होता. लेक रडली, थोडा वेळ. मग नाक पुसून म्हणाली, "आता काय करायचं ते सांग." मेव्हणीने सांगितलं. कानाच्या मापाचा साचा करायचा, ऐकायचं यंत्र लावायचं, जागेपणी ते कानातून काढू द्यायचं नाही, आणि बोलत राहायचं, समोर बसून.

विहीणबाई दाराजवळच्या खुर्चीत बसून होत्या. "माझ्यामुळे उशीर झाला का हो?"

"तीन महिने व्हायचेत अजून. उशीर नाही झाला," मेव्हणी म्हणाली. आणि राहवलं नाही म्हणून पुढे म्हणाली, "आणखी थोडे दिवस ताट वाजवलं असतंत तर मात्र झाला असता."

मला वाटलं आता भडका उडतो. विहीणबाईंनी नुसती मान हलवली.

यंत्रं यायला थोडा काळ गेला. ती बसवायची त्या दिवशी आम्ही सगळे पुन्हा त्याच खोलीत कोंबून बसलो. ठेंगणी सिस्टरही दारात येऊन उभी राहिली, मी नेहमी असतो त्या जागी. बाळ आता मान धरत होतं आणि स्वतःची मूठ चोखत होतं. मेव्हणीने मऊ साचे कानांत बसवले, नखाएवढी यंत्रं कानांमागे अडकवली, आणि लेकीला म्हणाली, "मागे उभी राहा. हळूच, नेहमीसारखी हाक मार."

"चिमणे," लेक म्हणाली.

मूठ तोंडात थांबली. चोखणं बंद. डोळे मोठे झाले आणि तसेच राहिले. लेकीने पुन्हा हाक मारली तेव्हा मान वळली, डळमळत, पण आवाजाच्या बाजूला. सिस्टरने तोंडावर हात दाबून धरला.

"ऐकलं गं बाई, ऐकलं!" विहीणबाई दुसऱ्या बाजूने ओरडल्या.

बाळाने त्यांच्याकडे बघितलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

"मला ओळखलं," विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"ओळखलं कुठलं, दचकली ती," बायको म्हणाली.

"सध्या दोन्ही एकच आहे," मेव्हणी म्हणाली, आणि रडणाऱ्या बाळाच्या कानामागचं यंत्र सरळ करायला लागली.